वडिलांना सांगू की वाचकांना?

पत्र (संक्षेपाने) : मी इचलकरंजीत एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीसाठी अकरा वर्षे उद्योग-व्यापाराच्या बातम्या देते. वय ३५. वडील खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे, यंत्रमागधारक. मागांच्या खडखडाटातच माझे शिक्षण झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बारापैकी आठ माग भंगारात काढले आणि त्या पैशांत थोडी शिल्लक घालून ५ लाख रुपये इथल्या एका पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवले. ठेवीची मुदत अजून चार महिन्यांनी संपते. लहान उद्योगांची देयके ४५ दिवसांत चुकती करण्याच्या नियमाचा इथल्या कापड व्यवहारावर काय परिणाम झाला, याविषयी मी लिहिलेल्या बातम्या वाचून मुंबईच्या एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाने मला बोलावले आहे. पगार आताच्या अडीच पट आहे. इथे बातमीसोबत जाहिरातीचे टार्गेटही माझ्याच गळ्यात असते, आणि त्याचा वीट आला आहे. तरीही पाय निघत नाही, कारण माझी मुळे इथे आहेत. आणखी एक गोष्ट आहे. त्याच पतसंस्थेच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने मला लेखापरीक्षण अहवालाची प्रत दिली आहे. संस्थेचा वर्ग ‘अ’ वरून ‘क’ वर आला आहे आणि संचालकांच्या नातेवाइकांची कर्जे थकलेली आहेत. माझे सख्खे मामा तिथे संचालक आहेत. वडिलांना मी अद्याप काही सांगितलेले नाही. मुंबईला गेले तर हा प्रश्नच उरणार नाही, असेही कधी कधी वाटते. मी जावे का?

उत्तर :

तुमचे मूळ पत्र सहा पानांचे आहे. त्यातली साडेपाच पाने नोकरीविषयी आणि अर्धे पान पतसंस्थेविषयी आहे. मी मात्र त्या अर्ध्या पानापासून सुरुवात करणार आहे, कारण नोकरीचा प्रश्न तुम्ही स्वतः सोडवू शकाल इतका साधा आहे आणि दुसऱ्या प्रश्नाला हात लावावा लागू नये म्हणून तो अवघड करून मांडला आहे, असे पत्र वाचताना मला सारखे वाटत राहिले. हा आरोप नव्हे. मीही एकदा नेमके हेच केले होते, ते पुढे सांगतो.

वडिलांना सांगावे का, असे तुम्ही स्पष्ट शब्दांत विचारलेले नाही, पण ‘अद्याप’ या शब्दात ते विचारून झाले आहे. माझे उत्तर असे की बातमी छापून येण्याआधी सांगू नये. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. माग विकून आलेला पैसा म्हणजे काय, हे ज्याने माग भंगारात जाताना पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही अडचणीतल्या पतसंस्थेचे व्यवहार कसे चालतात ते डोळ्यांसमोर आणा. कर्जे वसूल होत नाहीत, हातातली रोकड मोजकी असते आणि जो आधी येतो त्याला मागाहून येणाऱ्याच्या ठेवीतून पैसे दिले जातात. तुमच्या वडिलांनी उद्या ५ लाख रुपये काढले, तर ते संस्थेच्या कुणा कर्जदाराने फेडलेले पैसे नसतील. ते रांगेतल्या दुसऱ्या कुणाचे तरी असतील, आणि त्या माणसाची मुलगी वार्ताहर नसेल, एवढाच दोघांतला फरक असेल.

भारतीय प्रेस परिषदेने अर्थविषयक पत्रकारितेसाठी जे निकष ठरवले आहेत त्यांत ही गोष्ट स्वच्छ आहे. प्रसिद्धीपूर्वी मिळालेली माहिती पत्रकाराने स्वतःच्या, नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या फायद्यासाठी वापरू नये, असे तिथे म्हटले आहे. परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही, ती फार तर समज देते किंवा निषेध नोंदवते; त्यामुळे भीतीपोटी हा निकष पाळा, असे मी म्हणणार नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. मुदतीआधी मोठी ठेव मोडली की काउंटरवरच्या माणसाच्या ते लक्षात राहते, आणि ती बातमीदाराच्या वडिलांची असेल तर संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर पोहोचते. मग तुमची बातमी येण्याआधीच रांग लागेल, आणि ती कागदावरच्या आकड्यांमुळे लागलेली नसेल. त्यानंतर तुम्ही कितीही काटेकोर लिहिले तरी अध्यक्षांना पत्रकार परिषदेत एकच वाक्य पुरेल : आधी घरचे पैसे काढले आणि मग लिहिले.

तेव्हा वडिलांना सांगण्याचा तुमच्याकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बातमी. आणि ती ज्या सकाळी छापून येईल त्या सकाळी त्यांना आणि बाकीच्या सगळ्या ठेवीदारांना एकदमच कळेल. म्हणून ती लवकर आली पाहिजे. ठेवीच्या मुदतीला चार महिने आहेत, पण तुम्ही तेवढे घेऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर दोन आठवड्यांची मुदत घातली असती.

आता कागदांकडे वळतो. लेखापरीक्षण अहवालाची प्रत हातात आहे म्हणजे बातमी हातात आहे, असे समजू नका. ती प्रत कुणी दिली हे शोधणे संस्थेला फार अवघड जाणार नाही. अशा प्रती मोजक्या असतात आणि एखाद्या पानावरची पेन्सिलची खूणसुद्धा माणूस दाखवून देते. त्या निवृत्त कर्मचाऱ्याला वाचवायचे असेल, तर त्या प्रतीत जे आहे ते दुसऱ्या, उघड मार्गाने पुन्हा मिळवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांचे इतिवृत्त पाहता येते व शुल्क भरून त्याच्या प्रतीही मागता येतात. असा एखादा सभासद शोधा. तो तुमचे वडील नसावा आणि मामांच्या घरातलाही नसावा. वार्षिक सभेपूर्वी वाटलेला छापील अहवाल तर कुणाच्याही कपाटात वर्तमानपत्रांच्या रद्दीखाली सापडेल. मागच्या तीन वर्षांचे अहवाल मिळाले तर एका बैठकीत पुष्कळ काही दिसेल.

काय पाहायचे हे तुम्हाला माहीत असेल, तरीही एक जागा दाखवतो, कारण जिल्हा आवृत्त्यांत ती सर्रास सुटते. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला ‘येणे व्याज’ असते आणि देण्यांच्या बाजूला ‘थकव्याज तरतूद’. थकलेल्या कर्जावर जमा न झालेले व्याज उत्पन्न म्हणून धरले आणि त्यासमोर तेवढी तरतूद केली नाही, की संस्थेचा नफा कागदावरच असतो. त्या कागदी नफ्यातून सभासदांना लाभांशही वाटलेला असतो आणि सभेत टाळ्याही पडलेल्या असतात. दुसरी जागा म्हणजे मार्चअखेरची कर्जे. जुने कर्ज ३१ मार्चच्या आत नव्या कर्जातून फेडून ‘नवं-जुनं’ केलेले असेल, तर थकबाकीचा आकडा देखणा दिसतो. लेखापरीक्षकाने याविषयी शेरा मारला असेल तर त्याचेच शब्द घ्या, तुमचे विशेषण त्याला जोडू नका.

संस्थेची बाजू घेताना अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या दोघांना लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तरासाठी दोन पूर्ण दिवस द्या. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयाला, लेखापरीक्षणातील दोषांची पूर्तता झाली का आणि त्याच अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशीचा आदेश निघाला आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारा. माहितीच्या अधिकारात अर्ज जरूर टाका, पण त्यावर विसंबून राहू नका. सहकारी संस्था निव्वळ नोंदणीकृत आहे म्हणून माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. अर्ज निबंधक कार्यालयाकडे करावा लागेल आणि तिथल्या उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. दोन आठवड्यांच्या हिशेबात तो बसत नाही, पुढच्या बातमीला उपयोगी पडेल.

बातमीत एक परिच्छेद मात्र असा हवा की जो वाचून कुणाचेही नुकसान होणार नाही आणि ज्याची गरज तुमच्या शहरात बहुतेक प्रत्येक घराला आहे. तुमच्या वडिलांनी नेमके ५ लाखच का ठेवले, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मी पैजेवर सांगतो की पाच लाखांपर्यंत विमा असतो, असे त्यांना कुणीतरी सांगितले असणार. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाली, हे खरे आहे. पण ते संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय आहे. पतसंस्था अडकली तर ठेवीदाराच्या हातात निबंधक, वसुली दाखले आणि प्रसंगी ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, एवढेच उरते आणि त्या वाटेला वर्षे लागतात. पाटीवर ‘बँकिंग’सारखेच रंग, आत तसाच काउंटर आणि व्याज बँकेपेक्षा जास्त, हे सगळे पाहून माणसे फसतात असे मी म्हणत नाही, पण त्यांचा समज तसा होतो. हा फरक तुमच्या दैनिकाने शेवटचा केव्हा छापला होता, ते एकदा शोधून पाहा.

‘डबघाईला’, ‘दिवाळे’, ‘ठेवी बुडणार’ हे शब्द शीर्षकात येऊ देऊ नका. उपसंपादकाला तसे आधीच सांगून ठेवा, कारण रात्री अकराच्या सुमारास ही मंडळी फार कल्पक होतात. फौजदारी बदनामीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली आहे आणि त्यातला अपवाद जुन्या कायद्यासारखाच आहे : मजकूर खरा असला पाहिजे आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे असले पाहिजे. नुसता खरा असून भागत नाही. लेखापरीक्षकाचा शेरा, संचालकांशी संबंधित कर्जांची रक्कम आणि ठेवीदारांना विमा नसल्याची वस्तुस्थिती या तीन गोष्टी एकत्र आल्या की लोकहित वेगळे सिद्ध करण्याची फारशी गरज राहत नाही.

आता मामा. ज्या कंपनीत आपले आर्थिक हितसंबंध आहेत तिच्याविषयी पत्रकाराने बातमी देऊ नये, असाही निकष प्रेस परिषदेने सांगितला आहे. शब्दशः पाहिले तर तो समभागांविषयी आहे आणि ठेव वडिलांची आहे, तुमची नाही. पण शब्दांच्या आडोशाला उभे राहू नका. आजच निवासी संपादकांना एक ई-मेल लिहा. त्यात तीन वाक्ये पुरेत : माझ्याकडे ही कागदपत्रे आहेत, माझे मामा तिथे संचालक आहेत, माझ्या वडिलांची तिथे इतक्या रुपयांची ठेव आहे. बातमी दुसऱ्या सहकाऱ्याने पुन्हा पडताळून त्याच्या नावाने द्यावी, संचालकांशी बोलणेही त्यानेच करावे आणि माहिती गोळा करणाऱ्या वार्ताहराचे नातेवाईक संचालक मंडळात असल्याची ओळ बातमीच्या शेवटी छापावी, अशी तुमची सूचना असू द्या. नाव जाईल, हे मला कळते. अकरा वर्षांतली सर्वांत मोठी बातमी दुसऱ्याच्या नावाने छापून येताना पाहणे सोपे नाही. पण इचलकरंजीसारख्या शहरात नात्याचा माणूस नाही अशी संस्थाच सापडणार नाही. प्रत्येकाने नात्यापायी बातमी सोडली तर लिहायला कुणी उरणार नाही, आणि प्रत्येकाने नाते लपवून लिहिली तर त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नाते उघड करून काम वाटून घेणे, एवढाच मधला रस्ता मला दिसतो.

मामांशी घरी या विषयावर बोलू नका, त्यांना आडून सुचवूही नका. ते दोषी आहेत असे मी गृहीत धरलेले नाही. पतसंस्थांच्या संचालक मंडळांत सह्या करण्यापुरते बसणारी, अध्यक्षांवर भरवसा टाकून विषयपत्रिकाही न वाचणारी भली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित होऊ लागते तेव्हा आपण काय मंजूर केले होते ते त्यांना पहिल्यांदा कळते. त्यांना त्यांची बाजू मांडायची संधी तुमच्या सहकाऱ्याने द्यावी.

तुमच्या सहा पानांत वडील आहेत, मामा आहेत, संपादक आहेत. आई कुठेच नाही. बातमीचा सर्वांत मोठा भार तिच्यावर पडणार आहे, कारण तिचा भाऊ संचालक आहे, नवऱ्याची ठेव अडकलेली आहे आणि मुलीने कागद बाहेर काढले आहेत. पुढच्या भाऊबीजेला ओवाळणीचे ताट कुणासमोर धरायचे, हा प्रश्न तिच्यापुढे येईल, आणि त्याला प्रेस परिषदेच्या निकषांत उत्तर नाही. माझी विनंती एवढीच की ज्या सकाळी बातमी येईल त्या सकाळी पेपर दारात पडायच्या आधी तुम्ही स्वतः तिच्याजवळ बसून तिला सांगा. तिने ते शेजारणीकडून ऐकू नये.

मी स्वतः काय केले ते सांगायचे कबूल केले होते. १९९० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी वार्ताहर होतो. माझे घरमालक तिथल्या एका नागरी सहकारी बँकेचे संचालक होते. आईला रात्री अकरा वाजता धाप लागली तेव्हा त्यांनी स्वतः गाडी काढून तिला मिरजेच्या इस्पितळात पोहोचवले होते आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले होते. पुढे काही महिन्यांनी त्याच बँकेच्या कर्जवाटपाचे कागद माझ्या हाती आले. मी ते नऊ दिवस बॅगेत घेऊन फिरलो. आणखी पडताळणी करतो आहे, असे मी कार्यालयाला सांगत होतो, स्वतःलाही सांगत होतो. दहाव्या दिवशी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि बातमी सगळ्यांचीच झाली. आमच्या गल्लीत एक शाळेतले शिपाई राहत. निवृत्तीचे पैसे त्यांनी त्या नऊ दिवसांतच तिथे ठेवले होते. त्यांनी मला नळावर गाठून विचारले, ‘तुम्ही तर रोज बँकेत जायचा, तुम्हाला काही कळलं नव्हतं का?’ मी ‘नाही’ म्हणालो.

घरमालकांनी माझ्याकडे कधीच काही मागितले नव्हते. कागद माझ्याकडे आहेत, हेही त्यांना ठाऊक नव्हते. मिंधेपणा हा असा असतो. तो समोरच्याने लादावा लागत नाही. तुम्ही पत्रात ‘मुळे’ हा शब्द सात वेळा वापरला आहे आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक, तुम्हाला त्या शहराची जी ओळख आहे ती. दुसरी, त्या शहरातल्या माणसांचे तुमच्यावर जे उपकार आहेत ते. पहिलीमुळे तुम्ही बातमीदार झालात, दुसरीमुळे तुमची बातमी बॅगेत राहिली आहे. मुंबईला गेल्याने दुसरी गोष्ट सुटेल असे वाटत असेल, तर तिथल्या बातमीदारांना मोठ्या कंपन्यांच्या दौऱ्यांची, हॉटेलांची आणि दिवाळीच्या पेट्यांची विचारपूस करा. तिथे ती नात्यातून येत नाही, जनसंपर्क कंपनीमार्फत येते.

जाहिरातीच्या टार्गेटविषयीचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. ज्या सायझिंगवाल्याकडे (विणण्याआधी सुताला खळ देणाऱ्या कारखानदाराकडे) सोमवारी प्रदूषणाची माहिती विचारायची, त्याच्याकडे गुरुवारी वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी पाव पानाची जाहिरात मागायची, हे काम एका माणसाकडून करून घेणे हीच मुळात मालकांनी वार्ताहराची केलेली कोंडी आहे. ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या पत्रकार दिनी, सत्काराची शाल आणि भेटवस्तू कोण पुरस्कृत करते, ते जिल्ह्याजिल्ह्यांत पाहत चला, पतसंस्थांची नावे त्यांत वारंवार दिसतील. त्या पतसंस्थेने मागच्या जानेवारीत तुम्हाला काही दिले असेल, तर तेही त्या ई-मेलमध्ये लिहा.

आता नोकरी. संबंधित पतसंस्था तुमच्या दैनिकाची जाहिरातदार असेल, असे मी धरून चालतो. संपादकांनी बातमी छापायला नकार दिला, किंवा ‘सभेपर्यंत थांबू’, ‘सणानंतर पाहू’ असे म्हणत ती लांबवली, तर दोन आठवड्यांच्या शेवटी तुम्ही मुंबईचा होकार कळवावा आणि राजीनाम्यात कारण लिहावे. त्या परिस्थितीत मला क्षणभरही शंका वाटणार नाही.

बातमी छापून आली, तर मात्र निर्णय मोकळ्या मनाने घेता येईल, आणि तरीही मी तुम्हाला जाच असेच म्हणेन. मातीशी इमान, गावाचे ऋण वगैरे शब्द सांगून तालुक्याच्या बातमीदाराला तुटपुंज्या पगारात वर्षानुवर्षे राबवून घेणे हा आमच्या धंद्याचा जुना डाव आहे, आणि त्यात मी तुमच्या मालकांना मदत करणार नाही. मुंबईत तुम्हाला जे शिकायला मिळेल ते इचलकरंजीत मिळणार नाही. सूचिबद्ध कंपनीला तिमाही निकाल, संचालकांचे राजीनामे, मानांकनातली घट हे सगळे शेअर बाजाराला कळवावे लागते. ते रोज वाचायची सवय लागली की आकड्यांतली लपवाछपवी डोळ्यांना आपोआप दिसू लागते. कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे आदेश, कर्जावरच्या तारणांच्या नोंदी, सेबीचे आदेश, हे सगळे इचलकरंजीत बसूनही वाचता येते, पण शेजारच्या टेबलावर बसून ते वाचायला शिकवणारा माणूस तिथे नाही.

जे तुम्ही इथून घेऊन जाल ते तिथे कुणाकडे नाही, हेही खरे आहे. ४५ दिवसांच्या नियमाविषयी मुंबईत सगळ्यांनी तरतूद छापली : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे मुदतीत दिले नाही, तर त्या वर्षी ती रक्कम खर्च म्हणून वजा मिळणार नाही. खरेदीदार यंत्रमागधारकांना ‘उद्यम’ ही लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी रद्द करून या असे सांगू लागले आहेत आणि पेमेंट धारा, म्हणजे मालाचे पैसे किती दिवसांनी द्यायचे तो प्रघात, त्यामुळे कशी बदलते आहे, हे तुम्ही लिहिलेत, कारण ते तुमच्या घरच्या ओट्यावर बोलले जात होते. यंत्रमागाचा धंदा बहुतांशी व्यक्तिगत मालकीचा किंवा भागीदारीचा. त्याचे तिमाही निकाल कुठेच लागत नाहीत. तिथे बातमी कळते ती वेगळ्या खुणांवरून. तुम्ही पत्रात एका ठिकाणी ओझरते लिहिले आहे की मंदी आली की आधी सायझिंगच्या चिमण्यांचा धूर कमी होतो, माग त्यानंतर थांबतात. मागावर चढवलेला बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपेपर्यंत माग चालतच राहतो, म्हणून रात्रपाळीचा खडखडाट ऐकणाऱ्याला सगळे ठीक वाटते. सायझिंगच्या दारातून नवे बीम नेणारे टेंपो मात्र तोवर घटलेले असतात. ते एक वाक्य वाचूनच, मुंबईच्या संपादकांनी तुम्हाला का बोलावले असेल, ते मला कळले.

म्हणून मुंबईला कळवताना दोन गोष्टी मागा. रुजू होण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मागा. पहिल्या बातमीनंतर जे येईल, म्हणजे खुलासे, नोटिसा, ठेवीदारांच्या बैठका, त्या वेळी तुम्ही त्या शहरात असायला हव्यात, नाव कुणाचेही छापून आलेले असो. आणि वर्षातून ठरावीक दिवस इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या यंत्रमागाच्या केंद्रांत फिरून लिहायला मिळेल, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन मुलाखतीच्या खोलीबाहेर टिकत नाही.

तुमच्या जागी जो कुणी नवा मुलगा किंवा मुलगी येईल, त्याला संपर्कांची वही देऊन थांबू नका. एका पहाटे त्याला दुचाकीवर मागे बसवून सायझिंगच्या रस्त्याने घेऊन जा आणि कोणत्या चिमणीला धूर नाही ते त्यालाच मोजायला सांगा.